युद्धाचे नियम आणि आपण कीबोर्डवाले

(आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून. बोलण्यातली वळणं तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय आहे ‘आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा’. एवढं लांबलचक नाव ऐकल्यावर मागच्या रांगेत ‘चहा किती वाजता आहे?’ अशी चौकशी झालेली मी ऐकली आहे. काळजी नसावी, वेळेत संपवतो! सोप्या मराठीत हा युद्धाचा कायदा. लढाई सुरू झाल्यावर काय चालतं आणि काय चालत नाही, याचे नियम.

तुम्ही म्हणाल, हा तर कॉम्प्युटर इंजिनिअर. क्लायंटचे सर्व्हर इकडून तिकडे हलवून देणारा कन्सल्टंट. याला युद्धाच्या कायद्याचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजेच हे भाषण.

आपण नेदरलँड्समध्ये राहतो. भारतातून पाहुणे आले की ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या आणि ॲमस्टरडॅमचे कालवे होतात, आणि हल्ली यादीत हेगचा ‘पीस पॅलेस’ही असतो. २०१९ मध्ये कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल तिथे लागला, तेव्हापासून काका-मामांना ती इमारत पाहायचीच असते. आणि तिथे उभं राहून हमखास प्रश्न येतो, “युद्धातल्या गुन्हेगारांना शिक्षा होते ती इथेच ना रे?” धड उत्तर देता यावं म्हणून मी लायडन विद्यापीठाचा या विषयावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. वाटलं होतं, इतिहास असेल, तारखा असतील. पण जसजसा पुढे गेलो तसतसं त्यात माझंच ऑफिस दिसायला लागलं! सर्व्हर, नेटवर्क, डेटा, क्लाउड...

आधी पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकू. पीस पॅलेसमधलं आंतरराष्ट्रीय न्यायालय हे देशा-देशांमधल्या तंट्यांचं. जाधव खटला तिथे चालला तो व्हिएन्ना कराराखाली, म्हणजे अटकेतल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क करू द्यायचा की नाही, या मुद्द्यावर. तो युद्धाचा कायदा नव्हे. व्यक्तींवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हेगमध्येच, पण वेगळ्या इमारतीत आहे आणि ते २००२ पासून अस्तित्वात आहे.

आता मूळ कायद्याकडे. याची गंमत अशी की युद्ध कोणी सुरू केलं, कोणाची बाजू न्यायाची, हे तो विचारतच नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची सनद आणि इतर नियम आहेत. हा कायदा फक्त एवढंच विचारतो, की आता लढताच आहात, तर कसे लढताय? म्हणून तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू. आक्रमण करणाऱ्यालाही आणि घर राखणाऱ्यालाही. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. चोराला आणि घरमालकाला एकच नियम? पण विचार करा, प्रत्येक बाजूला आपणच घरमालक आहोत असं वाटत असतं. ‘न्यायाच्या बाजूला नियम माफ’ म्हटलं, तर नियम पाळायला कोणी उरणारच नाही.

याची सुरुवात झाली इटलीत. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोला फ्रान्स-सार्डिनिया आणि ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांची लढाई झाली. एका दिवसात मृत आणि जखमी मिळून सुमारे चाळीस हजार. आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनला गाठायला तिथे आला होता. त्याने जखमींचे हाल पाहिले. शेजारच्या कास्तिग्लिओने गावातल्या बायका, हा कोणाचा सैनिक हे न विचारता जखमा धूत होत्या, पाणी पाजत होत्या. तोही कामाला लागला. परत जाऊन त्याने १८६२ मध्ये पुस्तक लिहिलं, १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. फक्त दहा कलमांचा! द्युनांचा धंदा पुढे बुडाला, दिवाळं निघालं. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल मिळालं, त्यातला अर्धा वाटा त्याचा.

आज जे चार जिनिव्हा करार आपण म्हणतो ते १२ ऑगस्ट १९४९ चे. पहिला जमिनीवरच्या जखमी सैनिकांसाठी, दुसरा समुद्रावरच्या, तिसरा युद्धकैद्यांसाठी आणि चौथा सामान्य नागरिकांसाठी. जगातल्या सगळ्या देशांनी ते मान्य केलेत. १९७७ मध्ये त्यांना दोन जादा प्रोटोकॉल जोडले गेले. त्यांत मात्र भारत नाही, आणि अमेरिकाही नाही.

कलमं शेकडो आहेत, पण गाभा तीन गोष्टींचा. एक, फरक करा. सैनिक आणि नागरिक, छावणी आणि शाळा, यांच्यात रेषा ओढा आणि रेषेच्या पलीकडे हल्ला करू नका. दोन, प्रमाण राखा. लष्करी ठिकाणावर हल्ला करतानाही आजूबाजूच्या नागरिकांचं होणारं नुकसान त्यातून मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार असता कामा नये. आणि तीन, आधी काळजी घ्या. खात्री करा, शक्य तिथे पूर्वसूचना द्या, आपली लष्करी ठाणी आपल्याच लोकवस्तीपासून दूर ठेवा. ही तिसरी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं म्हणायला मी उभा नाही. पण विषय आपल्याला अगदी परकाही नाही. महाभारतात युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते. रथीने रथीशी लढायचं, पळणाऱ्याला मारायचं नाही, शंख-नगारे वाजवणाऱ्यांवर शस्त्र धरायचं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातलं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्रही आपल्याला माहीत आहे. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, हा त्याचा आशय.

आणि हे नियम मोडले की काय होतं, तेही महाभारतातच आहे. कर्णाचं चाक रुतलं आणि तो धर्माची आठवण करून द्यायला लागला, तेव्हा कृष्णाने त्याला त्याचीच एकेक कृत्यं मोजून दाखवली. मोरोपंतांची ती आर्या आपल्यातल्या अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. ऐकताना आपण सगळे कृष्णाच्या बाजूने असतो. पण मंडळी, जिनिव्हाच्या कायद्यात नेमका हाच युक्तिवाद चालत नाही! समोरच्याने नियम मोडला म्हणून तुमची सुटका नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने नागरिकांना मारलं, ओलीस नेलं, तो गुन्हाच. आणि त्याला उत्तर म्हणून गाझातल्या नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार केलं, तर तोही गुन्हाच. हेगच्या फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही बाजूंच्या नेत्यांविरुद्ध वॉरंटं काढली, ती याच तत्त्वावर. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, हे खरं. अटक करायची ती सदस्य देशांनी, आणि तिथेच घोडं अडतं.

मग हा कायदा नुसता कागदावरच का? तसंही नाही. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानचे सैनिक आणि इतर मिळून सुमारे ९३,००० जण भारताच्या ताब्यात होते. १९७४ पर्यंत ते परत गेले. कारगिलच्या वेळी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता २७ मे १९९९ ला पाकिस्तानच्या हाती सापडले आणि ३ जूनला रेडक्रॉसच्या मार्फत सुटले. २०१९ च्या फेब्रुवारीत विंग कमांडर अभिनंदन यांचं विमान पडलं. १ मार्चला ते वाघा सीमेवरून परतले. पण मधल्या काळात त्यांचे जखमी अवस्थेतले व्हिडिओ आपल्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर आले होते, आठवतं? तिसऱ्या जिनिव्हा करारातलं १३ वं कलम सांगतं की युद्धकैद्याचा अपमान आणि जाहीर तमाशा होता कामा नये. भारताने अधिकृत निषेध केला तो याच मुद्द्यावर. आता हे कलम बांधतं ते कैद्याला पकडणाऱ्या देशाला. पण व्हिडिओ फॉरवर्ड कोणी केले? आपणच. १९४९ मध्ये कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कैद्यांना बघायला रस्त्यावर जमणारी गर्दी होती. ती गर्दी आता खिशात बसते.

इथून माझा प्रांत सुरू होतो.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला. लक्ष्य युक्रेन होतं, पण व्हायरसला सरहद्द कुठे कळते? काही तासांत मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी ठप्प झाली. इथे आपल्या रॉटरडॅमच्या बंदरातली तिची टर्मिनल्स बंद पडली आणि तिकडे मुंबईजवळच्या न्हावा-शेवाला जेएनपीटीमधलं एक टर्मिनलही. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. अमेरिका आणि ब्रिटनने २०१८ मध्ये रशियन लष्कराकडे बोट दाखवलं, रशियाने नाकारलं.

आता कायद्याच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न असा, की हा ‘हल्ला’ होता का? गोळी नाही, बॉम्ब नाही, कोणी जखमी नाही. फक्त डेटा गेला. डेटा ही ‘वस्तू’ आहे का? घर पाडायला बंदी आहे, पण घराच्या मालकीची नोंद पुसली तर? सायबर युद्धावर तज्ज्ञांनी ‘टॅलिन मॅन्युअल’ नावाचा ग्रंथ तयार केला, २०१३ मध्ये पहिला आणि २०१७ मध्ये दुसरा. त्यातल्या बहुसंख्य तज्ज्ञांचं मत पडलं की डेटा म्हणजे ‘वस्तू’ नव्हे. रेडक्रॉसचं म्हणणं, कागदाच्या फायलींना संरक्षण आणि त्याच फायली डिजिटल झाल्या की नाही, हे कसं चालेल? वाद अजून मिटलेला नाही. पण ज्याने एकदा तरी बॅकअप नसलेला डेटाबेस गेलेला पाहिलाय, त्याला रेडक्रॉसचं म्हणणं समजायला वेळ लागत नाही!

आणि खुद्द रेडक्रॉसच यातून सुटलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं की त्यांचे सर्व्हर हॅक झालेत. त्यावर ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती होती. कोणाची? युद्धात, आपत्तीत, स्थलांतरात घरच्यांपासून तुटलेल्यांची, बेपत्तांची, कैद्यांची. एक सुरक्षा पॅच वेळेत लागला नव्हता, हे रेडक्रॉसनेच सांगितलं. पॅच ‘पुढच्या विंडोमध्ये करू’ हे वाक्य आपण आठवड्यातून कितीदा ऐकतो! इथे त्या पॅचच्या पलीकडे कोणाची तरी आई शोधत असलेला मुलगा होता.

रणांगणावर हॉस्पिटलच्या तंबूवर लाल क्रॉस किंवा चंद्रकोर असते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला जाऊन जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होते. अशा डॉक्टरला आणि त्याच्या रुग्णाला दुरूनही ओळखता यावं, यासाठी ती खूण. पण सर्व्हरवर लाल क्रॉस कसा रंगवणार? म्हणून आता ‘डिजिटल चिन्हा’चा प्रयत्न चालू आहे. म्हणजे एखादी यंत्रणा हॉस्पिटलची किंवा मदतकार्याची आहे हे समोरच्या सॉफ्टवेअरला कळेल अशी, खोटी करता न येणारी खूण. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्येही त्यावर काम सुरू झालंय. बघा, जिनिव्हा कराराची पुढची ओळ कदाचित आपल्यासारखाच कोणी इंजिनिअर लिहिणार आहे.

आता सगळ्यात जवळचा प्रश्न. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनच्या मंत्र्यांनी जगभरच्या कॉम्प्युटरवाल्यांना ‘आयटी आर्मी’त सामील व्हा असं जाहीर आवाहन केलं. रशियाच्या बाजूनेही हॅकरांचे गट उतरले. घरात बसून, कॉफी पीत, युद्धात भाग! कायदा काय म्हणतो? नागरिकाला संरक्षण आहे, पण तो थेट लढाईत उतरला तर तेवढ्या काळापुरतं ते गमावतो. लॅपटॉपवरून लष्करी यंत्रणा पाडणारा मुलगा या व्याख्येत बसू शकतो. शिवाय इथे राहून हॅकिंग केलं तर इथला फौजदारी कायदा आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडक्रॉसच्या तज्ज्ञांनी अशा हॅकरांसाठी आठ नियम लिहिले. नागरी यंत्रणांवर हल्ला नको, आपोआप पसरणारे व्हायरस सोडू नका, हॉस्पिटलला हात लावू नका, आणि असेच आणखी. आठवा नियम काय असेल? शत्रूने पाळले नाहीत तरी तुम्ही पाळा. पुन्हा कर्णाचं चाक!

आपली मुलं या वयात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी उद्या एखाद्या ग्रुपवर ‘देशासाठी एक बटण दाब’ असा निरोप येणारच नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

स्वयंचलित शस्त्रांचाही प्रश्न आहे. यंत्राने स्वतःच लक्ष्य निवडायचं आणि स्वतःच मारायचं का? आपण मॉडेल ९० टक्के अचूक निघालं की टाळ्या वाजवतो. दहा हजार नावांच्या यादीत उरलेले दहा टक्के म्हणजे एक हजार माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आणि रेडक्रॉसच्या अध्यक्षांनी यावर २०२६ पर्यंत करार करा असं आवाहन २०२३ मध्ये केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेतल्या ठरावाच्या बाजूने १५२ देश होते, विरुद्ध चार, आणि त्या चारांत भारत होता. भारताची भूमिका अशी की ही चर्चा जिनिव्हातल्या आधीच्या व्यासपीठावरच व्हावी. पटो न पटो, आपल्याला ती ठाऊक तरी असावी.

जुने नियमही सैल होताहेत. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या करारातून बाहेर पडायचा निर्णय २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनी घेतला. रशिया शेजारी असला की भीती वाटणारच. पण पुरलेला सुरुंग भीती संपल्यावरही जमिनीतच राहतो, आणि त्याला सैनिकाचा बूट आणि शाळकरी पोराचा बूट यातला फरक कळत नाही.

मग ‘१९४९ चा कायदा, त्याला इंटरनेट काय कळणार’ असं म्हणून सोडून द्यायचं? याचंही उत्तर हेगमध्येच आहे. १८९९ मध्ये इथे पहिली शांतता परिषद भरली. रशियाचे प्रतिनिधी मार्टेन्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक कलम तिथून आलं. मतितार्थ असा, की ज्या बाबतीत नियम लिहिलेला नाही, तिथेही माणसं मोकाट सोडलेली नाहीत. माणुसकीची तत्त्वं आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी त्यांना लागू आहे. म्हणजे नवं हत्यार निघालं आणि कलम नसलं, तरी ‘चालतंय’ असं होत नाही.

आणि आता ती तिसरी गोष्ट, ‘आधी काळजी घ्या’. २०२२ मध्ये युक्रेनने आपल्या सरकारी नोंदी घाईघाईने देशाबाहेरच्या क्लाउडवर हलवल्या. समजा, उद्या एखाद्या देशात हॉस्पिटलच्या नोंदी आणि लष्कराचा ईमेल एकाच डेटा सेंटरमध्ये, एकाच रॅकवर आहेत. शत्रूला त्यातला कोणता सर्व्हर कोणाचा, हे कसं कळावं? पूर्वी सैनिक आणि नागरिक यांच्यातली रेषा गणवेशाने दिसायची. आता ती नेटवर्कच्या आकृतीत असते, आणि ती आकृती काढतो कोण? सेनापती नाही, वकीलही नाही. आपण काढतो. मंगळवारच्या मीटिंगमध्ये, बजेट कमी आहे म्हणून दोन्ही एकत्र टाकूया, असं म्हणत. आणि युद्ध सुरू झाल्यावर ती रेषा ओढायला वेळ नसतो. या अभ्यासातून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. हा कायदा न्यायालयात पाळला जात नाही. न्यायालयात तो मोडल्याचा हिशेब होतो. पाळला जातो तो फार आधी, साध्या माणसांच्या साध्या कामात.

म्हणून तीन विनंत्या करतो आणि थांबतो. पहिली, अभ्यास करा. वकिलीची पदवी लागत नाही, संध्याकाळचे काही तास पुरतात. दुसरी, कैद्याचा, जखमीचा, मृतदेहाचा व्हिडिओ आला तर तो आपल्या फोनवरच थांबू द्या, मग तो कोणत्याही देशाचा असो. आणि तिसरी, आयटीवाल्या मंडळींसाठी. हॉस्पिटल, पाणी, वीज, बंदर, कुठल्याही क्लायंटकडे काम करताना एक प्रश्न विचारा, ‘यातलं नागरी काय आणि लष्करी काय, हे बाहेरून ओळखू येईल का?’ लोक विचित्र नजरेने बघतील. बघू देत.

दिवाळी जवळ आली आहे. आपल्यापैकी काहींच्या बाल्कनीत मुलं मातीचा किल्ला करतील. बुरुजावर मावळे, आणि पायथ्याशी शेतकरी, बैलगाडी, विहिरीवर पाणी भरणारी बाई. मावळा विहिरीपाशी ठेवायचा नाही आणि बाईला बुरुजावर चढवायचं नाही, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. तेवढं मोठेपणी विसरू नये, एवढंच.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. चहा तयार आहे!